समान पुस्तक म्हणजे समान शिक्षण नव्हे

चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांत सहावी ते आठवीचे जीवशास्त्र कसे शिकवावे, हा विषय निघाला की एक उत्तर ठरलेले असते. पुण्या-मुंबईच्या मुलाला जे पुस्तक, तेच भामरागडच्या मुलाला. जो धडा तिकडे जुलैत, तोच इकडेही जुलैत. त्यात फरक करू नका. मोह, तेंदू, धान, वाघ हे सगळे या मुलांना घरी माहीतच असते. शाळेत त्यांना पेशी, सूक्ष्मदर्शक आणि डीएनए कळू द्या. जंगलातल्या मुलांसाठी जंगलाचे विज्ञान आखाल, तर ती जंगलातच राहतील. नीटच्या परीक्षेत मोहफुलावर प्रश्न येत नाही.

हे मत वाईट हेतूने मांडले जाते, असे मी म्हणत नाही. ते मांडणाऱ्यांत तळमळीचे शिक्षक आहेत, अधिकारी आहेत आणि स्वतः आदिवासी समाजातून शिकून पुढे आलेले पालकही आहेत. ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून आजवर त्यांच्या माथी बहुधा कमी प्रतीचेच मारले गेले, हा त्यांचा अनुभव खोटा नाही. त्यामुळे या मताला भावनेने उत्तर देऊन चालणार नाही. मुद्द्याला मुद्दा ठेवावा लागेल आणि आत्ताच ठेवावा लागेल. राज्याचा शालेय शिक्षणाचा अभ्यासक्रम आराखडा २०२४ मध्ये आला, २०२५-२६ पासून नवी पुस्तके पहिलीपासून टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पुस्तके एकदा ठरली की अनेक वर्षे तीच चालतात. सामान्य विज्ञानाची सहावी, सातवी आणि आठवीची पुस्तके २०१६ ते २०१८ या काळात आली आणि एका पिढीने तीच वापरली. आत्ता जे ठरेल ते पुढच्या पिढीला पुरेल.

माझे म्हणणे असे आहे. या दोन जिल्ह्यांत सहावी ते आठवीच्या जीवशास्त्राची आखणी इथल्या जंगलापासून, इथल्या बांधीपासून आणि इथल्या आजारांपासून सुरू झाली पाहिजे; आणि ती आजच्यापेक्षा अधिक काटेकोर, अधिक अवघड असली पाहिजे. राज्याच्या पुस्तकातली एकही संकल्पना गाळायची नाही. बदलायच्या त्या तीन गोष्टी: धड्यांचा क्रम, मुलांसमोर ठेवायचा पुरावा आणि घ्यायची परीक्षा.

आधी क्रम घेऊ. सिकलसेलचे उदाहरण पाहा, कारण क्रम चुकल्याची सर्वांत मोठी किंमत तिथे मोजावी लागते. पूर्व विदर्भात हा आजार खोलवर पसरलेला आहे. गोंड, माडिया, परधान या समाजांत तो आहे आणि आदिवासी नसलेल्या अनेक समाजांतही आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट. शाळा आणि आश्रमशाळांतल्या मुलांचे रक्त तपासले जाते. मुलीच्या हातात अहवाल येतो, त्यावर ‘वाहक’ असा शब्द असतो. त्या शब्दाचा अर्थ विज्ञानाच्या पुस्तकात कुठे येतो? नववीत, आनुवंशिकतेच्या प्रकरणात, इतर अनेक विकारांच्या यादीत एक म्हणून.

नववी हा शब्द पुण्यात ऐकला तर त्यात काही विशेष वाटणार नाही. एटापल्ली किंवा कोरची तालुक्यातल्या गावात तो फार दूरचा शब्द आहे. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीला किंवा सातवीला संपते. पुढे आश्रमशाळा, वसतिगृह, तालुक्याचे गाव. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदाही आठवीपर्यंतच साथ देतो. ज्या मुलीची शाळा आठवीनंतर सुटते, तिच्या रक्तातल्या आजाराचा धडा आपण तिच्या शाळा सुटण्याच्या पुढच्या वर्षात ठेवला आहे. राज्यभर हा धडा नववीत आहे, म्हणून सगळ्यांना समान वागणूक मिळते, असे कोणी म्हणत असेल तर त्याने या मुलीला उत्तर द्यावे.

आठवीच्या मुलांना हे कळणार नाही, असाही आक्षेप असतो. कळते, आणि त्यासाठी लागतात दोन चिंचोके. प्रत्येक चिंचोका एका बाजूने दगडावर घासून पांढरा करायचा. एक चिंचोका आईचा, एक बापाचा, दोघेही वाहक. पांढरी बाजू म्हणजे सिकलसेलचे जनुक, काळी बाजू म्हणजे निरोगी. दोन्ही एकत्र फेकायचे आणि वहीत लिहायचे. दोन्ही काळे पडले तर मूल पूर्ण निरोगी, एक काळा एक पांढरा तर वाहक, दोन्ही पांढरे तर रुग्ण. वर्गात जोड्याजोड्यांनी बसून शंभर-शंभर फेका केल्या की फळ्यावरचे आकडे आपोआप पाव, अर्धा आणि पाव याच्या जवळ येतात. वर्गाने खरे शिकायचे ते त्याच्याही पुढे असते. आत्ताच दोन्ही पांढरे पडले, म्हणून पुढच्या फेकीत पांढरे पडणार नाहीत असे नसते. एक मूल आजारी झाले, आता पुढची तिन्ही सुरक्षित, हा समज घराघरांत आहे आणि तो फार महागात पडतो. प्रत्येक बाळंतपणात चिंचोके नव्याने फेकले जातात, हे तेरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या वहीतल्या नोंदींवरून समजते. वाहक माणूस आजारी नसतो, हेही तिला त्याच तासाला समजते. लग्नाआधी तपासणी करा, हा उपदेश भिंतीवर रंगवून जे साधत नाही, ते या एका तासाने साधू शकते.

क्रमाचा दुसरा भाग ऋतूंचा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. जुलैत रोवणी सुरू असते; पऱ्हे उपटून चिखलात लावले जातात आणि मुळे, अग्रांकुर, नवे फुटवे या सगळ्यांचा उत्तम तास शाळेपासून शंभर पावलांवर बांधीत चालू असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या असतात. त्यानंतर धान निसवते. त्याचे एकेक फूल सकाळी थोडा वेळच उघडते आणि मिटते, आणि स्वपरागण म्हणजे काय ते हातात लोंबी धरून बघता येते. मार्चमध्ये मोह फुलतो. फुलाचा धडा मात्र पुस्तकाच्या क्रमाने वर्षाच्या सुरुवातीला, पावसाळ्यात उरकलेला असतो, तोही जास्वंदीच्या चित्रावर. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालणारी ही आखणी आहे, आणि ती बदलायला एक पैसाही लागत नाही.

आता पुरावा. ‘मोह त्यांना घरी माहीतच असतो’ हे विधान जरा तपासून पाहू. मोहफूल रात्री उमलते. वटवाघळे त्यावर येतात, गोड मांसल पाकळ्या खातात आणि परागण करतात. पहाटे फुले टपटप खाली पडतात, बायका आणि मुले टोपल्या घेऊन ती वेचतात, अंगणात वाळवतात. एवढे खरोखरच सातवीच्या प्रत्येक मुलाला माहीत असते. आता त्याच मुलाच्या हातात वेचलेले एक फूल द्या आणि फुलाचे चार भाग शोधायला सांगा. पाकळ्यांचा जाड, पिवळसर गोळा सापडेल. तो उभा चिरला की आतल्या भिंतीला चिकटलेले पुंकेसर सापडतील. स्त्रीकेसर सापडणार नाही. कितीही फुले चिरली तरी सापडणार नाही. मग तो गेला कुठे?

तो झाडावरच आहे. जमिनीवर पडतो तो पाकळ्यांचा पेला आणि त्याला चिकटलेले पुंकेसर. निदलपुंजासकट अंडाशय फांदीवर राहतो आणि उन्हाळ्याच्या शेवटी त्याचेच फळ होते, ज्याच्या बियांचे तेल घरात वापरतात. हे कळले की पुढचा प्रश्न मूलच विचारते: म्हणजे फुले वेचल्याने फळे कमी होत नाहीत का? नाही होत, कारण वेचले जाते ते झाडाने टाकून दिलेले असते. मग गावात मोहाची लहान झाडे इतकी कमी का दिसतात? आता सगळ्या वर्गाने मोजपट्टी घ्यावी, गावच्या शिवारातल्या प्रत्येक मोहाच्या बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर मोजावा आणि घेरानुसार स्तंभालेख काढावा. म्हातारी झाडे किती, तरणी किती, रोपे किती, हे त्या आलेखात दिसेल. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देतात. त्या आगीत रोपांचे काय होते? तेलासाठी सगळ्या बिया वेचल्या तर रुजायला काय उरते? झाडाखाली जाळी बांधली किंवा जागा झाडून घेतली तर? हे प्रश्न लोकसंख्या-परिस्थितिकीचे आहेत, विद्यापीठात शिकवले जाणारे आहेत, आणि सातवीचे मूल ते विचारू शकते, कारण पुरावा त्याच्या दारात उभा आहे. घरी माहीत असणे आणि विज्ञान म्हणून कळणे यांत एवढे अंतर आहे. ते अंतर कापून देणे हेच शाळेचे काम. मुलाला फूल माहीत आहे म्हणून ते शिकवू नका, हा युक्तिवाद मुलाला मराठी बोलता येते म्हणून व्याकरण शिकवू नका, असे म्हणण्यासारखा आहे.

हिवतापाचेही तेच. महाराष्ट्रात या रोगाचा फार मोठा भार गडचिरोलीवर आहे. मुलांना मच्छरदाणी माहीत आहे, फवारणी माहीत आहे, बोट टोचून होणारी तपासणी माहीत आहे. परंतु काचेच्या बरणीत साचलेले पाणी आणून अळ्या बघितल्या, तर अ‍ॅनोफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडलेली दिसते आणि क्युलेक्सची अळी डोके खाली करून तिरकी लटकलेली दिसते. पहिला डास हिवतापाचा, दुसऱ्याकडून हत्तीरोग पसरतो, आणि हत्तीरोगही याच पट्ट्यातला. दोन बरण्या आणि एक भिंग एवढ्यात वर्गीकरण, रूपांतरण आणि रोगप्रसार हे तीन धडे एका आठवड्यात उभे राहतात. गावातली आशा ताई हिवतापाची तपासणी करते; तिला एक तास वर्गात बोलवायला कोणत्या शासन निर्णयाची वाट पाहायची?

आणि आता उत्क्रांती. २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. आपले राज्य केंद्राच्या आराखड्याकडे सरकत असताना हा धोका आपल्याही दारात आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना हा विषय आठवीतच मिळाला पाहिजे, कारण तो शिकवण्यासाठी भारतात याहून चांगली जागा क्वचितच असेल. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे डायनासोर-काळातले जीवाश्म आहेत, तेही जिल्ह्याच्या हद्दीत. पण त्याहून जवळचा पुरावा धानात आहे.

नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरी शिकलेले, थोड्या जमिनीचे शेतकरी. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या शेतातल्या धानात काही लोंब्या बाकीच्यांपेक्षा वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, दाणे जपले, पुढच्या हंगामात स्वतंत्र पेरले, पुन्हा निवडले, पुन्हा पेरले. काही वर्षांत त्यातून बारीक दाण्याचा, चांगल्या उताऱ्याचा एचएमटी हा वाण उभा राहिला आणि तो राज्याबाहेरही पसरला. ३ जून २०१८ रोजी ते गेले. डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाची सुरुवात पाळीव प्राणी आणि पिकांत माणूस करत असलेल्या निवडीपासून केली. विविधता असते, ती पुढच्या पिढीत उतरते, निवड होते, आणि पिढ्यानुपिढ्या निवड साठत जाते: दादाजींच्या बांधीत हा सगळा युक्तिवाद टप्प्याटप्प्याने घडला. नागभीडच्या आठवीच्या मुलीला हे माहीत नसेल तर तो तिचा दोष नाही. आपण तिच्या पुस्तकात ते ठेवले नाही.

माणसाच्या जागी निसर्ग निवड करतो तेव्हा काय होते, हे समजायलाही दूर जायला नको. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की सिकलसेलच्या वाहकांना हिवतापाचा जीवघेणा प्रकार तुलनेने कमी छळतो. म्हणूनच जिथे पिढ्यानुपिढ्या हिवताप होता, तिथे हे जनुक टिकले. जगभरातल्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत नैसर्गिक निवडीचा सर्वांत ठळक मानवी पुरावा म्हणून हेच उदाहरण दिले जाते. तो पुरावा गडचिरोलीच्या वर्गात बाकावर बसलेला आहे. हिवतापही इथला, सिकलसेलही इथला, आणि दोन्ही शिकलेली मुलेही इथलीच. ज्याला आपण ‘स्थानिक उदाहरण’ म्हणून परिशिष्टात टाकतो, ते या विषयाचे जागतिक केंद्र आहे.

आता नीटचा मुद्दा. नीट मोहफुलावर प्रश्न विचारत नाही, हे खरे. नीट विचारते ते सपुष्प वनस्पतींतले लैंगिक प्रजनन, सिकलसेलची आनुवंशिकता, प्लास्मोडियमचे जीवनचक्र आणि नैसर्गिक निवड. हे सगळे बारावीच्या जीवशास्त्रात आहे. वरच्या आखणीतून गेलेल्या मुलाने आठवीपर्यंत यांतल्या प्रत्येक विषयाला स्वतःच्या हाताने स्पर्श केलेला असेल. ज्या मुलाने त्याच तीन वर्षांत दुसऱ्या कोणाच्या प्रदेशातली चित्रे पाठ केली, त्याच्यापेक्षा हा मुलगा परीक्षेत मागे पडेल, असे मानायला आधार काय? आणि ज्या बहुसंख्य मुलांना नीट द्यायचीच नाही, त्यांनी काय शिकायचे, या प्रश्नाला समान पुस्तकाच्या समर्थकांकडे उत्तरच नाही.

‘या मुलांना एवढे झेपेल का’ ही शंका बोलून दाखवली जात नाही, पण ती असते. तिला गडचिरोली जिल्ह्याने पूर्वीच उत्तर दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या गावांतल्या, फारशी शाळा न शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचा श्वास मोजायला, वजन करायला, जंतुसंसर्ग ओळखायला शिकवले. ३९ गावांत हे काम केले आणि तुलनेसाठी जवळची दुसरी गावे ठेवली. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मोजणे, नोंदवणे, तुलना करणे ही विज्ञानाची मूळ कामे गडचिरोलीच्या आरोग्यदूत बायकांनी जगाला मान्य होतील इतक्या काटेकोरपणे केली. त्यांच्या नातवंडांना ती झेपणार नाहीत असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

परीक्षेचा मुद्दा मी मुद्दाम नंतर ठेवला आहे, कारण अशा प्रयोगांचा गळा तिथेच आवळला जातो. विदर्भाला लागून असलेल्या मध्य प्रदेशात १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ उच्च प्राथमिक शाळांत, सहावी ते आठवीसाठीच, प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला आणि तो शेकडो सरकारी शाळांत पोहोचला. मुले शेतात, ओढ्यावर जात, स्वतः प्रयोग करत, आणि परीक्षेला पुस्तक सोबत नेता येत असे, कारण प्रश्न पाठांतराचे नसत. तीस वर्षांनंतर, २००२ मध्ये, सरकारने तो बंद केला. आक्षेप तेव्हाही हाच होता की राज्यातल्या इतर मुलांपेक्षा ही मुले वेगळे शिकतात. त्यातून धडा घ्यायचा तो असा: शिकवण्याची पद्धत बदलून राज्याची लेखी परीक्षा तशीच ठेवली, तर शिक्षक आणि पालक दोघेही पुन्हा पाठांतराकडे वळणार. म्हणून सहावी ते आठवीच्या मूल्यमापनात किमान एक तृतीयांश गुण मुलाच्या स्वतःच्या नोंदवहीला आणि त्या नोंदींवरच्या तोंडी प्रश्नांना हवेत. मोहाचे घेर, डासांच्या अळ्या, चिंचोक्यांच्या फेका, धानाच्या लोंब्या या नोंदी खोट्या लिहिता येत नाहीत. पुढचा प्रश्न विचारला की सगळे उघडे पडते.

वाघाचा आक्षेप मात्र मला सर्वांत गंभीर वाटतो. चंद्रपूर जिल्ह्यात दोनशेहून अधिक वाघ आहेत आणि त्यांतले बरेच ताडोब्याच्या बाहेर, गावांना लागून असलेल्या जंगलात राहतात. मोह आणि तेंदूच्या हंगामात दरवर्षी माणसे मारली जातात. अशा ठिकाणी मुलांना बाहेर काढायचे का? जंगलात काढायचे नाही, हे स्वच्छ सांगतो. शाळेचे आवार, गावाला लागून असलेल्या बांध्या, मालगुजारी तलावाचा काठ, वस्तीतले मोह एवढ्यात वर्षभराचे काम भागते, तेही दिवसाउजेडी, गटाने आणि मोठ्यांच्या सोबतीने. आणि वाघ आहे म्हणून वाघ शिकवायचा नाही का? नर वाघाचे क्षेत्र किती मोठे असते, दोन वर्षांचा वाघ आईपासून वेगळा होऊन नवे क्षेत्र शोधत का फिरतो, वाकून किंवा बसून फुले वेचणाऱ्या माणसाला धोका का अधिक असतो, पहाटे आणि संध्याकाळी का जपावे, हे प्राण्यांच्या वर्तनाचे धडे आहेत. वाळवंटातल्या उंटाचे अनुकूलन मुलाला सांगायचे आणि पाच किलोमीटरवरच्या वाघाचे सांगायचे नाही, याला मी सुरक्षितता म्हणणार नाही. ज्ञानाने जीव वाचेल अशी जागा असेल तर ती हीच.

शिक्षकांचा आक्षेप वेगळा आहे. बदलीवर आलेल्या, माडिया किंवा गोंडी न येणाऱ्या, रिक्त पदांमुळे दोन-दोन वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकावर हा नवा भार का? भार पडेल, हे मान्य. तो कमी करायचा मार्ग म्हणजे त्याला गावात एकटे न पाडणे. तेंदूची ७० पाने मोजून पुडके बांधणारी बाई, वनरक्षक, आशा ताई, ग्रामसभेच्या वनहक्क समितीचे सभासद हे त्या शिक्षकाचे सहकारी होऊ शकतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळवले, आणि त्यामागे गावातल्या अभ्यासगटांची अनेक वर्षांची बैठक होती. जे गाव स्वतःच्या बांबूची गणती करते, ते शाळेतल्या मुलांना गणती शिकवू शकते. अशा गावांना उद्या नमुना कसा घ्यावा, वाढ कशी मोजावी, किती तोडले तर जंगल टिकते हे जाणणारी माणसे लागतील. ती बाहेरून आणायची की गावच्या शाळेतून घडवायची?

इथे मला दुसऱ्या बाजूलाही उत्तर दिले पाहिजे. काहींना वाटते की आदिवासींकडे निसर्गाचे सगळे ज्ञान आहेच. शाळेने ते फक्त लिहून घ्यावे, तपासू नये. हे मत ऐकायला गोड आहे आणि मुलांसाठी तितकेच घातक. सर्पदंशाचे पाहा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविष वापरतात आणि ते घोड्यांच्या रक्तातून तयार होते. बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापाच्याही काही दंशांत विष उतरतच नाही. म्हणून मांत्रिकाकडे नेलेली अनेक माणसे बरी होतात, आणि गावाचा विश्वास बसतो. आठवीच्या वर्गात प्रश्न विचारायला हवा: मांत्रिकाकडे न नेताही किती बरी झाली असती? हा एक प्रश्न मुलाच्या मनात रुजला, की तुलनेशिवाय कोणताही दावा मान्य करायचा नाही ही सवय लागते. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते, दंश फारसा दुखत नाही आणि सकाळी पापण्या जड होतात. मच्छरदाणी नीट खोचून झोपले तर डास आणि मण्यार दोघांपासून बचाव होतो. हे कळण्यासाठी परंपरेचा अनादर करावा लागत नाही, परंपरेला प्रश्न मात्र विचारावा लागतो. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणाऱ्या तोंडात तंतू वाढून ते उघडेनासे का होते, हाही त्याच वर्गातला प्रश्न; आणि तो मोठ्यांनाही अडचणीत आणणारा असला तरी विचारला गेलाच पाहिजे.

किशोरवयाचा धडाही टाळता येणार नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेला स्त्रीरोगांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि फारच थोड्यांनी त्यावर उपचार घेतले होते. पाळी, गर्भधारणा, जंतुसंसर्ग हे विषय मुलींच्या शाळेत असण्याच्या काळात शिकवले नाहीत, तर ते कधीच शिकवले जात नाहीत.

तर मागणी अशी आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी, गोंडवाना विद्यापीठाच्या मदतीने, या तीन इयत्तांसाठी जीवशास्त्राची वार्षिक आखणी तयार करावी. सहावीत गावातले सजीव, तलाव, धान आणि साप. सातवीत फूल, मोह, पोषण, सूक्ष्मजीव आणि डास. आठवीत शरीर, किशोरवय, रक्त आणि सिकलसेल, निवड आणि उत्क्रांती, वाघ आणि जंगल. धडे राज्याच्या पुस्तकातलेच, क्रम इथल्या ऋतूंचा, पुरावा इथला, आणि नोंदवहीला गुण. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने धड्यांचा क्रम बदलण्याची आणि मूल्यमापन वेगळे करण्याची लेखी मोकळीक द्यावी. पालकांनी आणि ग्रामसभांनी ही मागणी स्वतःची म्हणून मांडावी, कारण ज्यांच्या मुलांचा प्रश्न आहे त्यांचा आवाज यात सर्वांत वजनदार आहे.

आठवी करून शाळा सुटणाऱ्या मुलीला आपल्या अहवालावरचा ‘वाहक’ हा शब्द वाचून त्याचा अर्थ समजला पाहिजे, सर्पदंश झालेल्या भावाला कुठे न्यायचे हे तिने ठामपणे सांगितले पाहिजे, आणि आपल्या गावातल्या मोहांची संख्या वाढते आहे की घटते आहे हे तिला मोजता आले पाहिजे. ज्या अभ्यासक्रमातून एवढे होत नाही, तो सगळ्या राज्यात सारखा असला तरी या दोन जिल्ह्यांतल्या मुलांवर अन्याय करणाराच आहे.